पाववाल्याच्या मागे

पुलाला तडे गेले नसते तर मी सायकल घेतली नसती, आणि मी सायकल घेतली नसती तर आमच्या भागातला पाव, काही दिवस का होईना, एवढा मोठा झाला नसता. लोक मोठ्या पावाचं श्रेय बेकरीला देतात. मी गप्प बसतो.

आमचं घर खाडीच्या अलीकडे, माझं ऑफिस पलीकडे, आणि मधे पूल. एके सकाळी पुलाच्या तोंडाशी फलक लागला : दुरुस्तीचं काम सुरू, जड वाहनांना बंदी. बस हे जड वाहन. ती बिचारी खाडीला वळसा घालून जाऊ लागली, आणि तो वळसा असा होता की घरून पोटभर जेवून निघालेला माणूस ऑफिसात पोचेपर्यंत डबा उघडायच्या तयारीत असे.

मी वजनमापे कार्यालयात आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. म्हणजे बाजारात जाऊन लोकांचे तराजू तपासणारे जे निरीक्षक असतात, त्यांच्या रजा, बदल्या आणि बढत्या मी तपासतो. स्वतः मी आजवर एकही तराजू तपासलेला नाही. घरचा भाजीवालासुद्धा मला खुशाल फसवतो. ही गोष्ट आत्ताच स्पष्ट करून ठेवतो, कारण पुढे तिच्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही.

"मी सायकल घेतोय," मी घरात जाहीर केलं.

बायको बँकेत असते. कुठल्याही घोषणेकडे ती तारण काय आहे या नजरेनं बघते.

"शेवटची सायकल कधी चालवलीत?"

"सायकल चालवणं माणूस कधी विसरत नाही."

"माणूस विसरत नसेल हो. गुडघे विसरतात."

तरी सायकल आली. काळी, भक्कम, पुढे टोपली असलेली. जिन्यापाशी ती उभी केल्याबरोबर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले. हे हवामान खात्यातून निवृत्त झालेले. सगळी इमारत त्यांना 'वेधशाळा' म्हणते आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायर दाबून पाहिला, आणि आकाशाकडे बघून म्हणाले, "दिवस चुकीचे निवडलेत. हे वाऱ्याचे दिवस."

"हरकत नाही. जाताना समोरून आला तर येताना पाठीमागून येईल. हिशेब तिथल्या तिथे मिटतो."

वेधशाळांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वारा हिशेब मिटवत नाही," ते म्हणाले आणि वर गेले. मला वाटलं, निवृत्तीनंतर माणसं अशी बोलतात.

पहिल्या दिवशी मी डोक्यावर टोपी, विजारीच्या पायाला चिमटा आणि चेहऱ्यावर मंद हास्य अशा थाटात निघालो. टोपी पुलावर चढता चढता खाडीत गेली. हास्य तिच्यानंतर थोड्या वेळाने गेलं. चिमटा शेवटपर्यंत टिकला.

अंगावर वारा येतो म्हणजे काय, हे चालणाऱ्या माणसाला कळत नाही. चालणारा मान खाली घालून निभावून नेतो. सायकलवरचा माणूस म्हणजे वाऱ्याला दिलेलं उघडं आमंत्रण. माझ्या शर्टात वारा शिरला, शर्ट पाठीवर फुगला, आणि मी आहे त्याच्या दुप्पट झालो. पुलाच्या मध्यावर मी जीव खाऊन पायडल मारत होतो आणि दिव्याचा एकच खांब बराच वेळ माझ्या शेजारी होता. आमची चांगली ओळख झाली. त्याच्यावर कुणीतरी एका मुलीचं नाव कोरलं होतं आणि नंतर दुसऱ्या कुणीतरी ते खोडलं होतं. हे सगळं वाचण्याइतका वेळ मला मिळाला. मागून एक आजोबा काठी टेकत आले, माझ्या बरोबरीला आले, "जरा बाजूनं," म्हणाले, आणि पुढे निघून गेले. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

ऑफिसच्या फाटकावर दुसरं संकट उभं होतं. ते गणवेशात होतं.

"ही कुठे लावू?" मी रखवालदाराला विचारलं.

"वाहनाचा नंबर सांगा."

"सायकलला नंबर नसतो."

"मग ती दुचाकी तळावर लागणार नाही. तिथे दुचाकीच लागते."

"अहो, चाकं मोजा ना."

"चाकं मला दिसतायत साहेब. नंबर दिसत नाही."

हा माणूस मला रोज नमस्कार करतो. त्याची वार्षिक वेतनवाढ माझ्या टेबलावरून जाते. पण नियमापुढे तो ओळख दाखवत नाही, आणि मनातल्या मनात मला त्याचं कौतुकच वाटलं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी बाबतीत वाटलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी तडजोड अशी निघाली की सायकल तळमजल्यावर, जप्त केलेल्या तराजूंच्या खोलीत ठेवायची. त्यामुळे रोज सकाळी आणि संध्याकाळी मी त्या खोलीतून बाहेर पडताना दिसू लागलो. यात कुणाला काही वावगं वाटेल अशी शंकाही माझ्या मनाला शिवली नाही.

संध्याकाळी मी मोठ्या आशेनं निघालो. आता वारा पाठीशी! पुलावर आलो आणि वाऱ्यानं समोरून थोबाडीत दिली.

घरी पोचलो तेव्हा वेधशाळा जिन्यातच उभे होते. माझ्या केसांवरून त्यांनी वाऱ्याची दिशा ओळखली. "शाळेत भूगोल होता ना? सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. संध्याकाळी समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. तुम्ही सकाळी जमिनीकडे जाता, संध्याकाळी समुद्राकडे येता. म्हणजे दोन्ही वेळा समोरून."

"मतलई की मतलबी?"

"शब्द काहीही वापरा," ते म्हणाले. "तुम्ही ऑफिस आणि घर यांची अदलाबदल केलीत तर दोन्ही वेळा पाठीमागून येईल."

ही त्यांची सूचना बायकोनं गंभीरपणे ऐकून घेतली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी सायकल विकून टाकली असती. पण ती घेताना मी शेजाऱ्यांसमोर आरोग्य, शिस्त आणि तरुण पिढी यांवर जरा जास्तच बोललो होतो. माणूस आपल्या बोलण्यात अडकतो तसा चिखलातसुद्धा अडकत नाही. म्हणून पुढचे काही दिवस मी रोज खांबाला भेटत राहिलो.

आणि मग एका सकाळी पाववाला आला.

मी नेहमीप्रमाणे पुलावर झुंजत होतो. उजवीकडून एक उंच, रुंद, निळा पत्र्याचा पेटारा पुढे सरकला. तो एका सायकलच्या मागे दोरीनं आवळून बांधलेला होता, आणि त्याच्या पुढे कुठेतरी एक माणूस असावा, कारण दोन पाय फिरत होते. पेटारा माझ्यासमोर आला, आणि वारा थांबला.

म्हणजे थांबला नव्हता. कठड्यावर तो शिट्ट्या घालतच होता. पण माझ्यापुरता तो संपला. कानातला घोंघाट गेला. शर्ट खाली बसला. पायडल आपोआप फिरल्यासारखं फिरू लागलं, आणि वर ताज्या पावाचा ऊबदार वास. मी त्या पेटाऱ्याच्या मागे असा चिकटलो की मधे फार तर हातभर जागा उरली. खांब आला आणि गेला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून मी पाववाल्याच्या वेळा पाठ केल्या. सकाळी तो पुलाच्या अलीकडच्या बेकरीतून निघे, पलीकडच्या दुकानांत आणि आमच्या ऑफिसच्या उपाहारगृहात पाव टाके, आणि संध्याकाळी रिकामा पेटारा घेऊन परत येई. पेटारा भरलेला असो की रिकामा, वाऱ्याला काही फरक पडत नाही. मी पुलाच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या आडोशाला थांबे. तो आला की हळूच मागे लागे.

पाववाला मधूनमधून मान वळवून बघे. मी सभ्य माणूस असल्यामुळे लगेच दुसरीकडे बघे. तो हळू झाला की मीही हळू होई. एकदा तो दोरी आवळायला थांबला. पुढे एकट्यानं जायची माझी छाती नव्हती, म्हणून मीही थांबलो आणि चष्मा पुसत बसलो. त्यानं दोरी आवळून झाल्यावर परत सोडली आणि परत आवळली. माझा चष्मा एवढा स्वच्छ पूर्वी कधी झाला नव्हता.

याच सुमारास एकदा बायको म्हणाली, "हल्ली पाव केवढा मोठा येतोय बघा. डब्यात मावत नाही."

"लोक सुधारतायत," मी म्हणालो.

एका संध्याकाळी पाववाला पुलाच्या अलीकडे उतरून माझी वाट बघत उभा राहिला. माझ्याच वयाचा, खांद्यानं रुंद, पण चेहरा उतरलेला.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही एकदा पेटारा उघडून बघूनच घ्या ना."

मला वाटलं, ओळख वाढवायला पाव देतोय. मी हसून म्हणालो, "छे छे, उघडायची काय गरज? मी रोज तुमच्या मागेच असतो. मला सगळं दिसतं."

त्यानं पेटाऱ्याची दोरी उगाच ओढून पाहिली. "काही चुकलं असेल तर..."

"काही चुकलेलं नाही! असंच चालू ठेवा. फक्त पुलावर जरा हळू. मला तुम्हाला सोडून चालणार नाही."

हे मी आपुलकीनं बोललो होतो. आपुलकीनं मी त्याच्या पाठीवर थापही मारली. दुसऱ्या दिवशी पाव आणखी मोठा झाला.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

साहेबांसमोर एक लठ्ठ गृहस्थ रुमालानं मान पुसत बसले होते. शेजारी आमचे वरिष्ठ निरीक्षक, भरघोस मिशा आणि हातात नेहमीची वजनांची पेटी, असे उभे होते. ते ती पेटी लग्नातसुद्धा घेऊन जातात.

"हेच," लठ्ठ गृहस्थ म्हणाले. "हेच आमच्या माणसामागे रोज फिरतात. जप्त तराजूंच्या खोलीतून निघतात आणि थेट आमच्या पेटाऱ्यामागे. त्याला म्हणाले, मला सगळं दिसतं, तुला सोडणार नाही. साहेब, मी भीतीनं पावाचं वजन वाढवलं. मग आणखी वाढवलं. यांचं समाधानच होत नाही. हे असं किती दिवस झेपणार?"

निरीक्षक माझ्याकडे वळले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "तपासणीचा अधिकार माझा आहे," ते म्हणाले. "तुम्ही आस्थापना शाखेचे. तुम्ही माझी रजा नामंजूर केलीत ते मी सहन केलं. पण पाव?"

खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की एवढा मोठा मी, सरकारी लिपिक, वाऱ्याला भिऊन पाववाल्यामागे लपतो? त्यापेक्षा योगायोग होता, रस्ता एकच आहे, असं म्हणून सुटता आलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं.

तेवढ्यात बेकरीमालक म्हणाले, "त्या माणसाला मी सांगून टाकलंय, या आठवड्यानंतर येऊ नकोस म्हणून. त्यानंच काहीतरी केलं असणार, त्याशिवाय सरकार मागे लागत नाही. नवीन माणूस बघतोय."

मला त्याचा उतरलेला चेहरा आठवला, आणि मी मारलेली थाप आठवली. "साहेब," मी म्हणालो, "मी त्यांच्या मागे वाऱ्यासाठी जात होतो."

"कशासाठी?"

"वाऱ्यासाठी. म्हणजे वारा लागू नये म्हणून. पेटाऱ्याचा आडोसा घेत होतो."

केबिनमध्ये पंखा फिरत होता, आणि त्याचाही वारा मला जरा लागलाच.

"कारणे दाखवा नोटीस काढा," साहेब अखेर म्हणाले.

आता इथे एक तांत्रिक अडचण होती. आमच्या कार्यालयात कारणे दाखवा नोटीस आस्थापना शाखा काढते. आस्थापना शाखेत ते टेबल माझं आहे. मी जागेवर आलो, आणि स्वतःला नोटीस लिहायला बसलो. 'आपले वर्तन शासकीय कर्मचाऱ्यास न शोभणारे आहे' हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना सहज लिहिलेलं. त्या दिवशी पेन अडलं. मी 'कदाचित' हा शब्द घातला. मसुदा साहेबांकडे गेला आणि परत आला : 'भाषा सौम्य आहे. कडक करावी.' मी कडक केली. मग ती स्वतःला बजावली, पोच म्हणून सही केली, आणि शिस्तीप्रमाणे थोडा दुखावलो.

खुलासाही मीच लिहिला. तो वाचून साहेबांनी शेरा मारला : 'प्रत्यक्ष स्थळपाहणी करून खात्री करावी.'

स्थळपाहणी म्हणजे पुलावर. साहेब, निरीक्षक, बेकरीमालक, पाववाला पेटाऱ्यासह आणि मी सायकलीसह. आधी मी एकट्यानं जायचं, मग पेटाऱ्यामागून जायचं, आणि फरक दिसतो का ते सर्वांनी बघायचं. निरीक्षकांनी आदल्या दिवशीच हरकत घेतली की वारा आपल्या कायद्यात बसत नाही, त्याला ना वजन ना माप. साहेब म्हणाले, नुसतं बघा. मी त्या रात्री वेधशाळांना गाठलं.

"उद्या वारा असेल ना?"

"असेल?" ते हसले. "सायकल घट्ट धरा."

दुसऱ्या दिवशी पुलावर पान हलत नव्हतं. खाडीचं पाणी अंघोळीच्या बादलीतल्यासारखं गप्प होतं. पलीकडच्या काठावरच्या चिमणीचा धूर सरळ वर जात होता, पट्टीनं रेघ मारावी तसा. (वेधशाळा नंतर म्हणाले, "अंदाज बरोबर होता. वारा चुकला.")

साहेबांनी बोट ओलं करून हवेत धरलं. खिशात घातलं. माझ्याकडे पाहिलं.

"जा," ते म्हणाले.

मी गेलो. आयुष्यात एवढ्या सहज कधी सायकल चालवली नव्हती. मुद्दाम हळू जावं, थोडं डगमगावं असं मनात येत होतं, पण सायकल ऐकेना. ती पाखरासारखी गेली. परत आलो तर चौघंही माझ्याकडे बघत होते. निरीक्षकांच्या मिशा आता हसत होत्या.

"कुठाय वारा?" बेकरीमालक म्हणाले.

कान तापले होते. नोकरी जाणार नाही हे मला माहीत होतं. पण निवृत्त होईपर्यंत 'वारावाले' म्हणून ओळखले जाणार, हेही माहीत होतं. आणि पाववाला खाली मान घालून दोरीशी चाळा करत होता.

साहेब गाडीकडे वळले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मी बोलू?"

"बोला."

"हे निरीक्षक नाहीत."

"कशावरून?"

"हे धापा टाकतात." तो माझ्याकडे बघून ओशाळला. "माफ करा हं. पण लई धापा टाकतात. पहिले दोन दिवस मला वाटलं, मागे कुत्रं लागलंय. मी दोनदा पाव टाकला."

मला ते दोन पाव आठवले. रस्त्यात पडले म्हणून मी सायकल वळवून चुकवले होते.

"मग मागे बघितलं तर हे. तेव्हापासून माझी झोप गेली. पण मालकांनी सांगितलं ना, हे वाऱ्यासाठी मागे येतात म्हणून, तेव्हा मला पटलं. साहेब, निरीक्षक कधी धापा टाकत येतो का? ते गाडीतून येतात. धापा आम्ही टाकतो."

साहेबांनी निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली. मग साहेबांच्या तोंडून एक आवाज आला. तो खोकला असावा असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो, पण तो वाढत गेला, आणि शेवटी साहेब कठड्याला धरून डोळे पुसायला लागले. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं काम करतोय, त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

प्रकरण समज देऊन निकाली निघालं. समजपत्र मीच लिहिलं. या वेळी कडक भाषा पहिल्या खेपेलाच जमली. बेकरीमालकांनी साहेबांसमोरच पाववाल्याला सांगितलं की नवीन माणूस बघत नाही, तूच ये. घरी पाव पुन्हा पूर्वीएवढा येऊ लागला, आणि बायको म्हणाली, "चांगलं काही टिकतच नाही."

दुसऱ्या सकाळी मी पुलाच्या तोंडाशी आलो खरा, पण आडोशाला थांबलो नाही. आता कुठल्या तोंडानं त्याच्या मागे लागायचं? वारा परत आला होता, आदल्या दिवसाची भरपाई करत. मी मान खाली घातली आणि एकटाच चढणीला लागलो.

मागून घंटी वाजली. पाववाला माझ्या बरोबरीला आला. जरा वेळ आम्ही दोघंही नुसते पायडल मारत राहिलो.

"या की मागं," तो ओरडला.

"नको. तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? पण एक सांगतो." त्यानं श्वास घेतला. "अर्धा पूल मी पुढं, अर्धा पूल तुम्ही."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतके दिवस हा माणूस एकट्यानं वारा फोडत होता, मागे एक साहेब आणि वर साहेबाची भीती वाहत.

अर्ध्यावर तो बाजूला झाला आणि मी पुढे आलो. वारा सरळ छातीवर आला. डोळ्यांतून पाणी, कानात घोंघाट, शर्ट फुगून ढोल झालेला, मांड्यांना आग लागलेली. मी धापा टाकत होतो आणि आता ते साऱ्या पुलाला ऐकू गेलं तरी मला पर्वा नव्हती. मागे कुणीतरी होतं, ज्याला माझ्यामुळे वारा लागत नव्हता. मी ताठ झालो. कोपरं बाहेर काढली.

"साहेब," मागून आवाज आला.

"काय?" मी वळून न बघता ओरडलो.

"छान चाललंय. फक्त जरा आणखी रुंद बसता येईल का?"